पहिली क्लासिक स्पोर्ट्स कार : स्पिटफायर घ्यावी की एमजीबी जीटी?

कॅनलीकर (धागाकर्ता) :

नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षे मी कोव्हेंट्रीत राहतो. कॅनली भागात ज्या जागेवर ट्रायम्फच्या गाड्या तयार होत, ती जागा माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. हे सांगण्याचे कारण असे, की सांगलीला आमच्या अण्णांकडे मद्रासला तयार झालेली स्टँडर्ड हेरल्ड होती. तिचे बॉनेट मडगार्डांसकट संपूर्ण पुढे झुकत असे, आणि अण्णा पुढच्या टायरवर बूड टेकवून खुर्चीत बसल्यासारखे इंजिनाचे काम करीत. मी बॅटरी धरून उभा. तेव्हापासून डोक्यात बसलेली गाडी या जन्मी घ्यायचीच, असे या वर्षी ठरवले आहे.

हातात नऊ हजार पौंड आहेत, आणि त्यातले किमान एक हजार पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे आहेत. घर १९३०च्या दशकातले असल्यामुळे गॅरेज अरुंद आहे : आतून लांबी १५ फूट, रुंदी ७ फूट २ इंच. ऑइल बदलणे, प्लग साफ करणे आणि ब्रेक पॅड घालणे एवढे मला येते; वेल्डिंग येत नाही आणि शिकण्याची इच्छाही नाही. मुलगी सात वर्षांची आहे. रोज कामावर न्यायला दुसरी गाडी आहे.

ट्रायम्फ स्पिटफायर (उघडी, दोन माणसांची) आणि एमजीबी जीटी (एमजीबीचा छपराचा प्रकार) या दोघींपर्यंत मी येऊन थांबलो आहे. दोन्ही १९६० आणि ७०च्या दशकांतल्या, दोन्हींचे सुटे भाग आजही नवे मिळतात, आणि दोन्ही माझ्या ऐपतीत बसतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना पाना :

कॅनलीकर, आपण बजेट, गॅरेजचे माप आणि स्वतःला काय येत नाही हे तिन्ही एकदम सांगितले, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझ्याकडे एकवीस वर्षे एमजीबी आहे, तेव्हा माझा कल कुठे असणार हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

माझे पहिले सांगणे असे, की मॉडेल ठरवून गाडी शोधायला निघू नका. पत्रा शोधायला निघा. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डनला तयार झाली, आणि सर्व प्रकार धरून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. तिचे १७९८ सीसीचे इंजिन इतके साधे आणि दणकट आहे, की ते पूर्ण उतरवून नवे करणारे लोक प्रत्येक जिल्ह्यात सापडतात. गिअरबॉक्स, ब्रेक, एसयूचे जुळे कार्बोरेटर, वायरिंग, यांतले काहीही बिघडले तरी शनिवार-रविवार आणि शंभर-दोनशे पौंडांत बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. पत्र्याचे तसे नाही. या गाडीला वेगळी चासी नाही. सारा भार बॉडीवर आहे, आणि त्यातला मोठा वाटा दाराखालच्या सिल उचलतात. सिल म्हणजे बाहेरून दिसणारी एकच पट्टी नव्हे. बाहेरचा पत्रा, मधला पडदा आणि आतला पत्रा असे तीन थर असतात आणि त्यांच्या खाली आणखी एक दुमडलेला भाग असतो. गंज आतून बाहेर येतो. बाहेर नाण्याएवढा फोड दिसला, तर आत हात जाईल एवढी पोकळी असू शकते.

लबाडीचा नेहमीचा प्रकार असा : कुजलेल्या सिलवर नवा पत्रा नुसता चिकटवायचा, कडेला लांबी (पुट्टी) भरायची आणि रंग मारायचा. ओळखण्याची खूण म्हणजे खरी सिल पुढच्या आणि मागच्या मडगार्डांच्या आत शिरलेली असते, वरून चढवलेली पट्टी तेवढ्यावरच संपते. फ्रिजवरचे पातळ चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून खिशात ठेवा. पुढच्या मडगार्डाचा खालचा, दाराकडचा कोपरा, मागच्या चाकाची कमान आणि सिलची दोन्ही टोके, एवढ्या ठिकाणी ते धरले गेले नाही तर खाली लांबी आहे असे समजावे. मग दार उघडून हळूच सोडा. ते उचलून लावावे लागत असेल किंवा दाराच्या मागच्या फटीची रुंदी वर एक आणि खाली एक असेल, तर इंजिनाचा आवाज ऐकत बसण्यातही अर्थ नाही.

जीटी सुचवतो, कारण तिला छप्पर आहे, सामानाला जागा आहे, आणि त्याच अवस्थेतल्या उघड्या एमजीबीपेक्षा ती नेहमी स्वस्त मिळते. १९७४च्या उत्तरार्धापासून अमेरिकेच्या नियमांसाठी तिला काळे रबरी बंपर बसवले आणि गाडी दीडेक इंचाने उंच केली. त्या गाड्या वळणावर जरा कलतात आणि लोक त्यांना नाके मुरडतात. त्यामुळेच त्या आणखी स्वस्त मिळतात. चांगल्या पत्र्याची रबरी बंपरची गाडी आणि संशयास्पद पत्र्याची क्रोम बंपरची गाडी समोर आली, तर मी डोळे मिटून पहिली घेईन.

अर्धा चोक :

दोन्ही वडिलधाऱ्या गाड्यांविषयी आदर राखून एक वेगळी सूचना करतो. माझदा एमएक्स-५ची पहिली पिढी पाहावी. ती १९८९ साली आली, तिचे डोळ्यांसारखी उघडमीट करणारे दिवे आजही वळून पाहायला लावतात, आणि थंडीत सकाळी किल्ली फिरवली की ती सुरू होते. जुन्या ब्रिटिश उघड्या गाड्यांचा आनंद घ्यायचा, मात्र त्यांच्याबरोबर रस्त्याच्या कडेला उभे राहायचे नाही, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठीच जणू ती घडवली आहे. माझ्याकडे १९९१ची आहे. सहा वर्षांत रस्त्यात एकदाही थांबलेली नाही.

जुना पाना :

गाडी उत्तम आहे, यात वाद नाही. मात्र ती चाळीस वर्षांची झालेली नसल्यामुळे तिला दरवर्षी एमओटी (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याची सक्तीची तपासणी) आणि रोड टॅक्स दोन्ही आहेत, आणि बर्मिंगहॅमच्या स्वच्छ हवा क्षेत्रात त्या जुन्या इंजिनाला दिवसाला आठ पौंड द्यावे लागतात. स्पिटफायर किंवा एमजीबी ऐतिहासिक वाहन म्हणून नोंदलेली असेल, तर तिथेही आणि लंडनच्या यूलेझमध्येही (प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना शुल्क असलेल्या भागात) ती फुकट जाते. शिवाय एमएक्स-५लाही गंज चुकलेला नाही. टपाचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पाल्याने तुंबतात, पाणी सिलमध्ये साचते आणि मागच्या चाकापुढचा पत्रा आतून जातो. घ्यायची झाली तर त्या नळ्यांत आधी पाणी ओतून पाहावे.

तिरपा पाटा :

धागा वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण माझ्याकडे १९७२ची स्पिटफायर आहे आणि धागाकर्त्यांनी हेरल्डचे नाव काढले आहे.

कॅनलीकर, आपली आठवण केवळ भावनेची नाही, तिला यंत्रशास्त्राचा आधार आहे. स्पिटफायर ही हेरल्डचीच बहीण. हेरल्डची चासी आखूड करून तिच्यावर इटालियन आखणीकार मिकेलोटीने आखलेली दोन माणसांची बॉडी बसवली, आणि १९६२ साली गाडी बाजारात आली. पुढे झुकणारे बॉनेट तेच, पुढची सस्पेन्शन तीच, मागे आडवा पाटाही (पट्ट्यांची स्प्रिंग) तोच. आपले अण्णा टायरवर बसून काम करीत, ते इथेही जसेच्या तसे करता येते. पाठदुखी असणाऱ्या माणसासाठी ही सोय गाडीच्या रूपाइतकीच महत्त्वाची आहे, हे चाळिशीनंतर कळते.

वेगळी चासी आहे म्हणून स्पिटफायरच्या सिलकडे दुर्लक्ष करता येते, असा एक समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. चासी आखूड करताना हेरल्डच्या बाजूच्या लांब पट्ट्या काढून टाकल्या गेल्या, आणि त्यांचे काम सिलवर आले. त्या कुजल्या तर दारे बसेनाशी होतात. तपासणी मात्र एमजीबीपेक्षा सोपी आहे, कारण बॉनेट उघडले की पुढचा अर्धा सांगाडा उजेडात उघडा दिसतो.

तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात. पहिली म्हणजे पुढच्या सस्पेन्शनमधल्या ट्रनियन, म्हणजे चाक ज्यावर वळते ते खालचे आट्यांचे सांधे. त्यांत ग्रीस घालायचे नसून घट्ट गिअर ऑइल, ईपी ९०, घालायचे असते. वर्षानुवर्षे ग्रीस भरले गेले किंवा काहीच भरले गेले नाही, तर आतले आटे गंजतात आणि एक दिवस वळण घेताना चाक आडवे होते. विक्रेत्याला तेल कोणते घालता एवढेच विचारावे. उत्तरावरून तो गाडीला कितपत ओळखतो हे समजेल. दुसरी गोष्ट इंजिनाची. कोणाला तरी क्लच दाबायला सांगून आपण पुढच्या पुलीकडे पाहावे. ती नजरेला दिसेल इतकी पुढे सरकत असेल, तर क्रँकच्या थ्रस्ट वॉशर (क्रँकला मागेपुढे सरकू न देणाऱ्या चकत्या) झिजल्या आहेत किंवा खाली पडल्या आहेत. १९७४नंतरच्या १५०० सीसीच्या गाड्यांत हे विशेष पाहावे. तिसरी गोष्ट मागच्या चाकांची. सुरुवातीच्या गाड्यांत भर वळणावर एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर मागची चाके पोटाखाली दुमडल्यासारखी होत आणि शेपूट फिरे. १९७०च्या अखेरीस आलेल्या मार्क फोरपासून (चौथ्या आवृत्तीपासून) पाट्याची रचना बदलून हा दोष बराच आटोक्यात आणला गेला, म्हणून पहिल्या गाडीसाठी मी मार्क फोरच सुचवेन.

गॅरेजबाबत एक सूचना. स्पिटफायर १२ फूट १ इंच लांब आणि ४ फूट ९ इंच रुंद आहे. एमजीबी सुमारे आठ इंचांनी लांब आणि तीन इंचांनी रुंद आहे. रुंदीतले तीन इंच आपल्याला दारातून बाहेर पडताना कळतील. लांबीचा हिशेब मात्र उलटा आहे : स्पिटफायरचे बॉनेट पुढे झुकते, त्यामुळे तिच्या नाकापुढे मोकळी जागा लागते. मी तीन महिने गाडी भिंतीला नाक लावून ठेवत असे आणि प्रत्येक वेळी बॉनेट उघडण्यासाठी ढकलून बाहेर काढत असे, हे कबूल करतो.

कॅनलीकर :

तिघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका आहे. चाळीस वर्षांवरील गाडीला एमओटी नको, हा माझ्यासारख्या नवशिक्यासाठी फायदा मानावा की तोटा?

जुना पाना :

विकत घेणाऱ्यासाठी तो तोटाच आहे. मे २०१८पासून, गेल्या तीस वर्षांत मोठा फेरफार न झालेल्या चाळीस वर्षांवरील गाड्यांना ही सूट मिळते. मात्र गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मालकाचीच राहते. परिणामी २०१८नंतर ज्यांच्याखाली कोणीही वाकून पाहिलेले नाही, अशा बऱ्याच गाड्या विक्रीला येतात. नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा जुना इतिहास मोफत दिसतो. त्यात "सिलला गंज" असा शेरा आला आणि पुढच्याच वर्षी तो गायब झाला, तर त्या कामाचे बिल मागावे. सूट असली तरी ऐच्छिक एमओटी करून घेता येते. "मी खर्च देतो, सौदा करण्याआधी एमओटी करून घेऊ," असे विक्रेत्याला म्हणून पाहा. जो लगेच तयार होतो त्याची गाडी निम्मी पास झाली असे माना.

पेट्रोलचेही इथेच सांगतो. सप्टेंबर २०२१पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात आणि चिरतात. ई५ सुपर (पाच टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेले) भरावे, आणि गाडी घरी येताच पेट्रोलच्या सर्व नळ्या बदलाव्यात. वीस पौंडांचे काम आहे, न केल्यास आग लागू शकते.

पावसाळी टप :

मी पाच वर्षांपूर्वी केलेली चूक इथे नोंदवून ठेवतो. एका विक्रेत्याकडे एमजीबी पाहायला गेलो, तेव्हा पाऊस पडत होता. ओल्या गाडीचा रंग नेहमी चांगलाच दिसतो. इंजिन आधीच गरम करून ठेवलेले होते, ते माझ्या लक्षात आले नाही. सहा हजार आठशे पौंड देऊन गाडी आणली. पहिल्या थंड सकाळी निळा धूर निघाला, तो एकवेळ सोसला असता. परंतु वेल्डिंग करणाऱ्याने गालिचा उचलून पायाखालचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचला, आणि स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. बॅटऱ्यांची जागाही कुजलेली होती. जुन्या एमजीबीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे जमिनीत बसवलेल्या असतात, आणि तिथे कोणी पाहत नाही. पत्र्यावर आणखी साडेचार हजार गेले. कोरड्या दिवशी जावे, गालिचे उचलण्याची परवानगी फोनवरच घ्यावी, आणि पोहोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करावी.

मुठेकाठ :

पुण्याहून वाचतो आहे. कॅनलीकर, पुढेमागे परत येताना गाडी बरोबर आणण्याचा विचार आहे का?

तिरपा पाटा :

मुठेकाठ, त्या आशेवर गाडी निवडू नये असे माझे मत आहे. भारतात २०२१ साली आलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची व्हिंटेज म्हणून "व्हीए" मालिकेत नोंद होते. परंतु प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर काढता येते. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन झुणका-भाकरी खाऊन येणे त्यात बसेल असे वाटत नाही.

कॅनलीकर :

तीन शनिवार आणि तीन गाड्या झाल्या. सविस्तर लिहितो.

पहिली लेस्टरजवळची लाल एमजीबी जीटी. छायाचित्रांत देखणी होती, प्रत्यक्षातही होती. पुढच्या डाव्या मडगार्डाच्या खालच्या टोकाला चुंबक लावले, ते घसरून डांबरावर पडले. विक्रेता म्हणाला, "तिथे अ‍ॅल्युमिनियम आहे." एमजीबीचे बॉनेट काही काळ अ‍ॅल्युमिनियमचे होते हे मला ठाऊक होते, मडगार्ड कधीच नव्हते हेही ठाऊक होते. चहा न घेता निघालो.

दुसरी वूस्टरकडची १९७१ची जीटी. ही चांगली होती. सिल योग्य पद्धतीने बदललेल्या होत्या आणि कामाची छायाचित्रे टप्प्याटप्प्याने ठेवली होती, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) व्यवस्थित लागत होता, ऑइलचे प्रेशर गरम असतानाही घसरत नव्हते. किंमत आठ हजार दोनशे. मी तिथेच होकार देणार होतो, तेवढ्यात पत्नीने मुलीला मागच्या सीटवर बसवून पाहिले. गुडघे हनुवटीला लागले. मागे पट्टेही नव्हते. तीन वर्षांवरील मुलांना अशा जुन्या गाडीत मागे पट्ट्याशिवाय बसवणे कायद्याला चालते. आमच्या घरात ते चालणार नाही, हे गाडीतच ठरले.

तिसरी १९७३ची स्पिटफायर मार्क फोर, घरापासून अकरा मैलांवर. मालक ऐंशीच्या पुढचे. गुडघे साथ देत नाहीत म्हणून विकत आहेत. मी ट्रनियनमध्ये काय घालता असे विचारायच्या आतच त्यांनी फळीवरचा तेलाचा डबा दाखवला. त्याच्या तोंडाला रबराची नळी बसवलेली होती आणि डब्यावर खडूने प्रत्येक वर्षीची तारीख लिहिलेली होती. शेवटची तारीख मात्र तीन वर्षांपूर्वीची. इंजिन थंड होते. पुली हलली नाही. सिल मजबूत आहेत. डिकीच्या तळाला, जादा चाकाखाली, तीन ठिकाणी गंजाने जाळी झाली आहे, आणि टप जुना झाल्याने आत कुबट वास येतो. ते सात हजार मागतात. मी निघताना ते सहज मागे सरले आणि पुढच्या टायरवर बसले. मी काही बोललो नाही.

सौभाग्यवती कॅनलीकर :

याच धाग्यासाठी खाते उघडले आहे. वरच्या वर्णनात एक गोष्ट राहिली. जीटी आम्हां तिघांची गाडी म्हणून पाहायला गेलो होतो, आणि ती तिघांची होत नाही हे दिसल्यावर तिच्यासाठी बाराशे पौंड जास्त मोजण्याचे कारण उरले नाही. तिघांनी जायला घरी गाडी आहे. स्पिटफायर मीही चालवणार आहे, तेव्हा विम्यात दोघांची नावे घालावीत आणि मोडीच्या भावाऐवजी आधी ठरवलेल्या किमतीचा विमा घ्यावा, एवढे मी यांना सांगितले आहे.

तिरपा पाटा :

वहिनी, स्वागत. डिकीचा तळ हा सुटा पत्रा मिळतो आणि तो भार उचलणारा नाही. त्यापोटी चारशे कमी करून मागावेत. ट्रनियनमध्ये तीन वर्षे तेल गेलेले नाही, हे मात्र विसरू नये.

कॅनलीकर :

सहा हजार सातशेला गाडी घरी आली. लॉगबुक नावावर होण्यासाठी पाठवले आहे. गॅरेजमध्ये मागे घेऊन लावतो, म्हणजे बॉनेट दाराकडे उघडते; उतरायला चालकाच्या बाजूला भिंतीपासून वीस इंच मिळतात, पोटाचा विचार करता पुरेसे आहेत. अण्णांना व्हिडिओवर दाखवली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की मागचा पाटा दबून खाली बसला आहे का.

आता अडचण सांगतो. डाव्या ट्रनियनमध्ये तेल गेले आणि वरून बाहेर आलेले दिसले. उजवीकडचा खालचा प्लग फिरतच नाही. पान्याने जोर केला तर त्याचे कोपरे झिजू लागले. गरम करावा का?

जुना पाना :

गरम करू नका, तेल अडवणाऱ्या वरच्या रबरी सीलला ते सोसणार नाही. कोपरे झिजू लागले असतील तर आता जोर थांबवा. पेनेट्रेटिंग तेल मारून दोन दिवस ठेवा, मग सहा बाजूंना बसणारा सॉकेट ठोकून बसवा आणि आधी घट्ट करण्याच्या दिशेने किंचित हलवून मगच सोडवा. तरीही निघाला नाही तर ट्रनियन आणि तिच्यात बसणारा उभा दांडा दोन्ही उतरवून आटे पाहा, आणि खड्डे पडलेले दिसले तर दोन्ही बाजूंचे नवे बसवा. तोपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, अगदी पेट्रोल भरायलासुद्धा नाही.

कॅनलीकर :

तेल मारून ठेवले आहे. बुधवारी संध्याकाळी पाहून कळवतो.